वर्षभराची गॅरंटी आणि आमचा काळू

‘कुत्र्याला एकच इंजेक्शन, वर्षभर गोचीड नाही’ असं सांगत कोणी तुमच्या वाड्यावर आला, तर त्याला दारात उभंसुद्धा करू नका. आम्ही त्याला पडवीत बसवलं, पाणी दिलं, पैसे दिले, आणि आमचा काळू मरता मरता वाचला. माझ्या माहितीत आमच्याच वाड्यावरची आणखी तीन घरं त्याला फसली आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही गोव्यात, सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ राहतो. गेल्या मार्चमधली गोष्ट. काजूचा हंगाम ऐन भरात होता, पहाटेपासून आम्ही बागायतीत बोंडू वेचायला आणि काळू आमच्या मागोमाग. त्या दिवसांत त्याच्या अंगावर गोचिडी फारच झाल्या होत्या. कानाच्या पाळीत, पायाच्या बेचक्यांत, शेपटीच्या बुडाशी. रक्त पिऊन फुगलेल्या तर अगदी एरंडाच्या बीसारख्या, राखाडी, गुळगुळीत. काळू नावाप्रमाणे काळा, त्यामुळे बारीक गोचिडी दिसायच्याच नाहीत, हाताला लागायच्या. रोज संध्याकाळी मी चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकत होते. एके दिवशी सासूबाईंना पडवीच्या भिंतीवर त्या वर चढताना दिसल्या. घर चिऱ्यांचं, सांध्यासांध्यांत फटी. आम्ही खरंच घाबरलो.

घाबरण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते सत्तरीबाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. २०१५पासून आमच्या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि जोर धरतो तो नेमका काजूच्या दिवसांत. माणसं दगावली आहेत. इथे ‘गोचीड’ म्हटलं की पोटात गोळाच येतो.

तो माणूस आला रविवारी, दवाखाना बंद असताना. तो वार त्याने मुद्दाम निवडला होता हे आता कळतं. स्कूटर, पांढरा कोट, खांद्याला निळी बॅग. मराठी स्वच्छ. मला वहिनी, सासूबाईंना आई. काळूचा कान उलटून बघितला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, “वहिनी, घरात लहान मूल आहे का? ही माकडतापाचीच गोचीड.” माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, तिथेच पायरीवर खेळत होता.

त्यानंतर मी काही विचारलंच नाही. त्याने सांगितलं की माकडतापाची लस आता कुत्र्यांसाठी निघाली आहे, तिच्यातच गोचिडीचं औषध असतं, वर्षभराची लेखी गॅरंटी. इंजेक्शनचे १,५०० रुपये, घर फवारायचे १,८००. बॅगेतून बाटली काढली, तिचं लेबल अर्धं खरवडलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, सरकारी मालाचं लेबल काढावंच लागतं. पाच मिलीची सिरिंज काठोकाठ भरली आणि काळूच्या मानेवरची कातडी ओढून टोचली. ते औषध दुधासारखं पांढरं की पाण्यासारखं, किती भरलं, वजन का नाही केलं, यातलं काहीही मला तेव्हा सुचलं नाही. फवारणीला फिनेलचा वास होता, तेवढं मात्र आठवतं.

जाताना त्याने जे सांगितलं, ते नीट वाचा. खरा घात त्यातच होता. “दोन दिवस कुत्रा मलूल राहील, ते औषधाचं लक्षण. गोचिडी दिसल्या तरी घाबरू नका, त्या मरणाऱ्या आहेत. तीन आठवडे दुसरं कुठलंही औषध लावायचं नाही आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं नाही, नाहीतर गॅरंटी संपली.”

त्या रात्री काळूची लाळ गळायला लागली. पाय झोकांड्या खात होते. विजेरी डोळ्यांवर धरली तर बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, लहान होईनात. दिवा असूनही तो वाटीला नाक आपटत होता. मला रडू येत होतं, आणि तरी मी नवऱ्याला म्हणत होते, त्यांनी सांगितलंय ना मलूल राहील म्हणून. तिसऱ्या दिवशी तो हळूहळू सावरला. गोचिडीही थोड्या कमी झाल्यासारख्या वाटल्या. आठ-दहा दिवसांत होत्या तेवढ्या परत आल्या. मी फोन केला. पहिल्यांदा उचलला, “मरणाऱ्या आहेत, वाट बघा.” पुढे फोन बंद.

आम्ही वाट बघितली. काळूने जेवण कमी केलं, उन्हात जाऊन पडू लागला, बागायतीत येईना. शेजारच्या काकी रोज कुंपणावरून सांगायच्या, “बाये, ताका दोतोराक दाखय.” मी तीन आठवडे मोजत होते. बाविसाव्या दिवशी सकाळी पडवीत रक्ताचे थेंब दिसले, पायरीपासून त्याच्या पोत्यापर्यंत. नाकातून रक्त येत होतं. ओठ वर करून बघितला तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. कुत्र्याच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात, काळूच्या ३१ हजार. एहर्लिशिया. आपल्याकडे सगळे ‘टिक फीवर’ म्हणतात तो. तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून जंतू रक्तात जातो, आठवडा ते तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रा खाणं सोडतो, प्लेटलेट्स उतरतात. वेळेवर आणलं तर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांनी बहुतेक कुत्री बरी होतात. “पहिल्यांदा जेवण सोडलं तेव्हा का नाही आणलंत?” असं डॉक्टरांनी विचारलं, आणि मला गॅरंटीचं ते वाक्य त्यांच्यासमोर उच्चारता येईना.

त्या माणसाने टाकलेली रिकामी बाटली विहिरीमागे सापडली होती, ती नवऱ्याने नेली. लेबलाच्या उरलेल्या तुकड्यावर गायीचं शिंग आणि ‘आयव्हरमेक्टिन’ची शेवटची अक्षरं. हे गुरांचं औषध. पन्नास किलोच्या वासराला त्याचं एक मिली पुरतं. काळू १८ किलोचा, त्याला पाच टोचलं. लाळ, झोकांड्या, मोठ्या झालेल्या बाहुल्या ही सगळी विषबाधेची लक्षणं. कोलीसारख्या जातीचा कुत्रा असता तर याहून कितीतरी कमी मात्रेत गेला असता. आणि एवढं करूनही कुत्र्याच्या गोचिडीवर या औषधाचा भरवसा नाही. माकडतापाची लस म्हणाल, तर कुत्र्यांसाठी अशी लसच नाही.

डॉक्टरांनी दोन्ही गोचिडींमधला फरकही सांगितला. माकडताप पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो पसरवणारी मुख्य गोचीड रानातली, पालापाचोळ्यातली. घरातल्या भिंतीवर चढणारी, कुत्र्याच्या कानात बसणारी ती बहुतेक वेळा वेगळी. रानात हिंडून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर जंगलातली गोचीड येऊ शकते, म्हणून बागायतीतून आल्यावर त्याचं आणि आपलंही अंग बघायलाच हवं. पण नुसत्या डोळ्यांनी कान उलटून ‘ही माकडतापाचीच’ असं छातीठोकपणे सांगणारा माणूस खोटं बोलतो आहे, एवढं लक्षात ठेवा.

काळूला २८ दिवस गोळ्या चालल्या. गोचिडीसाठी वजन करून चघळायची एक गोळी दिली, तिचा परिणाम बारा आठवडे राहतो. गोचीड चावली की तिच्या पोटात औषध जातं आणि ती साधारण दिवसभरात मरते. किंमत ऐकून पूर्वी मी हीच गोळी टाळली होती. त्या भामट्याला मी याहून जास्त दिले. घराचं काम मात्र आमचं आम्हालाच करावं लागलं. एक मादी जमिनीवर उतरून फटीत दोन-तीन हजार अंडी सहज घालते, त्यामुळे कुत्रा साफ केला तरी भिंतीतून नवी पिल्लं येतच राहतात. चिऱ्यांचे सांधे सिमेंटने बुजवले, काळूचं पोतं जाळलं, पडवी रोज झाडून कचरा पेटवला. मे संपेपर्यंत हे चाललं.

पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. त्या माणसाने दिलेल्या पावतीवर पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही. १९८४च्या कायद्याप्रमाणे पशुवैद्याची पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असावी लागते, आणि खऱ्या डॉक्टरला नोंदणी क्रमांक विचारला तर तो रागवत नाही, सांगतो. बाटलीवर लेबल नसेल तर टोचू देऊ नका. कुत्र्याचं वजन न विचारता औषध भरणाऱ्याला थांबवा. आणि ‘दुसऱ्या डॉक्टरला दाखवू नका’ हे शब्द कानावर पडले, की त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जा. मी २२ दिवस गेले नाही.

काळू आता जेवतो, बागायतीत येतो, पण चढणीवर मध्येच बसतो. रोज संध्याकाळी मी विजेरी घेऊन त्याची बोटं एकेक करून फाकवते, आणि मग ओठ वर करून हिरड्या बघते. तोही आता स्वतःहून तोंड वर करतो.

गेल्या आठवड्यात साखळीहून मावशीचा फोन आला. त्यांच्याकडे रविवारी एक जण आला होता, आता कोट नाही, पण निळी बॅग तीच आणि पहिला प्रश्नही तोच, “घरात लहान मूल आहे का?”