मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा अनुभव: आठचा आकडा आला, सायरनचे काय?

गेल्या वर्षी मार्चमध्ये सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा पुण्यातल्या धनकवडीहून रुग्णालयापर्यंतचा प्रवास मी रुग्णवाहिकेत चालकाच्या शेजारी बसून केला. स्वारगेटच्या अलीकडे एक पांढरी मोटार आमच्यापुढे बराच वेळ तशीच चालत राहिली. तिच्या चालकाची नजर सारखी आरशाकडे जात होती, म्हणजे आम्ही त्याला दिसत होतो; पण तो जरा डावीकडे घेई, पुन्हा उजवीकडे येई, आणि अखेरीस भर रस्त्यात मधोमध थांबला. मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. पुढे एक्कावन्नाव्या वर्षी, सासूबाईंना व्यायामोपचारासाठी ने-आण करता यावी म्हणून मी स्वतः मोटार शिकायला लागले, तेव्हा त्यांतल्या निम्म्या शिव्या मला मागे घ्याव्या लागल्या.

मी प्रवेश घेतला ते ड्रायव्हिंग स्कूल सातारा रस्त्यालगत आहे. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मला लिहायचे आहे, ती त्या एकाच स्कूलची नसावी असे मला वाटते. शुल्क परवान्याच्या कामासह साडेसात हजार रुपये होते आणि एकवीस दिवस रोज अर्धा तास गाडी चालवायला मिळत होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी मोटारीच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास लागतात. येथे साडेदहा तास भरतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. गाडी स्वच्छ होती, प्रशिक्षकाच्या पायाशी वेगळे क्लच-ब्रेक होते, आणि सर वेळेवर येत. माझी गाडी चौकात तीनदा बंद पडली तरी त्यांचा आवाज चढला नाही. नवशिक्याच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे.

उणीव आहे ती वर्गातल्या शिकवण्यात. एकवीस दिवसांत असे तास दोनच झाले. पहिल्या तासाला भिंतीवरच्या विटलेल्या तक्त्यावरील चिन्हे वाचून दाखवण्यात आली आणि दुसऱ्यात शिकाऊ परवान्याच्या परीक्षेचे प्रश्न पाठ करून घेण्यात आले. रुग्णवाहिका मागून आल्यास काय कराल, या प्रश्नाचे ‘वाहन रस्त्याच्या कडेला घेऊन तिला वाट करून देईन’ हे उत्तर मी परीक्षेत बिनचूक निवडले. पण कडेला घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, आधी वेग कमी करायचा की आधी बाजू बदलायची, डाव्या लेनमध्ये बस असेल तर कोठे जायचे, याबद्दल पुस्तिकेत एक अक्षर नव्हते आणि वर्गातही कोणी विचारले नाही.

चौदाव्या दिवशी पद्मावतीजवळ मागून सायरन ऐकू आला. मी सर्वांत उजवीकडच्या लेनमध्ये होते. आरशात उलटी छापलेली इंग्रजी अक्षरे सुलट होऊन दिसली, आणि मी एकाच वेळी स्टिअरिंग डावीकडे वळवले, ब्रेक दाबला व क्लच सोडला. गाडी तिरकी होऊन बंद पडली. डावीकडचा रिक्षावाला हात हलवू लागला, मागून भोंग्यांचा कल्लोळ सुरू झाला, आणि स्वारगेटजवळचा तो पांढऱ्या मोटारीचा चालक मला लख्ख आठवला. सरांनी गाडी सुरू करून दुभाजकालगत घेतली आणि रुग्णवाहिका निघून गेल्यावर इतकेच म्हणाले, “मॅडम, आधी आरसा बघायचा, मग घाबरायचं.”

त्यानंतर त्यांनी गाडी एका गल्लीत उभी केली आणि डॅशबोर्डवर पावतीपुस्तक, माझ्या चष्म्याचा डबा व किल्ली मांडून जे शिकवले, तो या संपूर्ण प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा अर्धा तास होता. सायरन ऐकताच ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. आधी आरशात पाहून ती कोणत्या बाजूने येते आहे हे ठरवायचे, मग इंडिकेटर देऊन हळूहळू सरकायचे, म्हणजे तुमचा विचार रुग्णवाहिकेच्या चालकाला आधीच कळतो. शक्य तेथे डावीकडे जायचे. आपण उजव्या लेनमध्ये असू आणि डावीकडे जागा नसेल, तर दुभाजकाला चिकटून मधून वाट काढून द्यायची. एकदा बाजू धरली की ती बदलायची नाही, कारण मागच्या चालकाने आपला मार्ग आपल्या हालचालीवरूनच ठरवलेला असतो. काच बंद आणि गाणी मोठ्याने लावलेली असतील, तर सायरन कळेपर्यंत रुग्णवाहिका पाठीशी आलेली असते, म्हणून निदान चौकाजवळ आवाज कमी ठेवावा, हेही त्यांनीच सांगितले. श्टुटगार्टला असलेल्या माझ्या भाच्याला मी हे कळवले, तेव्हा तो म्हणाला की जर्मनीत महामार्गांवर वाहतूक अगदी मंदावताच, सायरन ऐकू येण्याची वाट न पाहता, सर्वांत डावीकडच्या लेनमधली वाहने डावीकडे व बाकीची उजवीकडे सरकून मधली वाट मोकळी ठेवतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे आपल्याकडे बाजू उलट होतील. पण सरांच्या किल्ली आणि चष्म्याच्या डब्याने दाखवले होते ते हेच.

लाल सिग्नलला सर्वांत पुढे उभे असताना मागे रुग्णवाहिका आली तर काय करावे, हा माझा पुढचा प्रश्न होता. कॅमेऱ्याने टिपले तर चलान येईल, या भीतीने लोक पांढऱ्या रेषेवर खिळून राहतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सरांचे म्हणणे असे की, चौक भरधाव ओलांडायचा नाही. आजूबाजूला पाहून गाडीभर पुढे जाऊन तिरके व्हावे, पोलीस हाताने इशारा करत असेल तर तो मानावा, आणि चलान आलेच तर वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार नोंदवावी. तक्रारीचा खटाटोप किती जण करतील, याविषयी मला शंका आहे.

स्कूलच्या कार्यालयात दंडाचा फलक मात्र मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ई प्रमाणे, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन वाहनाला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुद्दाम अडवणाऱ्याला, किंवा रुग्णवाहिकेने मोकळ्या केलेल्या वाटेतून तिच्या शेपटीला धरून दुचाकी दामटणाऱ्याला याचा धाक बसला तर उत्तमच. “आत पेशंट नसतोच, उगाच सायरन वाजवतात,” असे माझ्याच तुकडीतला एक तरुण म्हणाला होता. सासूबाईंना न्यायला आली ती रुग्णवाहिकाही येताना रिकामीच होती, आणि आम्ही फाटकाशी तिच्या सायरनकडेच कान लावून उभे होतो.

पक्क्या परवान्याची चाचणी मी नाशिक फाट्याजवळच्या चाचणीमार्गावर पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले. आठच्या आकड्याची वळणे घेतली, चढावर थांबवलेली गाडी पुन्हा उचलली. सायरनचा प्रसंग तेथेही कोणी उभा केला नाही. गाडी हाताळायला शिकवण्याबद्दल मी या स्कूलला पाचपैकी चार गुण देईन, वर्गातल्या तासांना मात्र दोनच. तेथे प्रवेश घेणार असाल, तर पैसे भरण्यापूर्वी रुग्णवाहिकेला वाट देण्याचा सराव रस्त्यावर करून घेणार का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. शेवटच्या दिवशी मी हीच सूचना कार्यालयातल्या वहीत लिहिली. व्यवस्थापक ती वाचून म्हणाले की, त्यासाठी एक दिवस वाढवावा लागेल आणि लोक शुल्कात घासाघीस करतात. हिशेबाने तो दिवस साडेतीनशे-पावणेचारशे रुपयांना पडतो. मी तेवढे तेव्हाच देऊ केले. ते हसले आणि त्यांनी वही मिटवली.