कॅम्परच्या गाद्यांना शिवून घेतलेले अभ्रे: साताऱ्यातील एका कुशनच्या दुकानाचा अनुभव

एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीचे आम्ही तीन वर्षांपूर्वी चाकांवरचे घर करून घेतले. मधल्या भागात समोरासमोर दोन बाकडी आणि त्यांच्यामध्ये खाली सरकणारे टेबल आहे. रात्री टेबल उतरवून त्यावर पाठीच्या गाद्या टाकल्या की चौघांची झोपायची सोय होते. ज्या गादीवर सकाळी पोह्यांची ताटली उलटते, त्याच गादीवर रात्री डोके टेकायचे असते. त्यात बॉडीवाल्याने या गाद्यांना फिकट बदामी रंगाचे, न निघणारे कापड चढवून दिले होते. सात आणि चार वर्षांची दोन मुले आणि खंड्या नावाचा कुत्रा घेऊन आम्ही पावसाळ्यात कास रस्त्याने बामणोलीपर्यंत जाऊन आलो, तेव्हा त्या बदामी रंगावर जांभ्याच्या तांबड्या चिखलाचे जे ठसे उमटले, ते आजही पुसट दिसतात.

मोटारीची तयार सीट कव्हरे अशा गाद्यांना बसत नाहीत, म्हणून पोवई नाक्याच्या बाजूला असलेल्या एका लहानशा कुशनच्या दुकानात अभ्रे शिवून घ्यायचे ठरवले. दुकानातील वयस्क कारागिरांचा पहिला सल्ला सरळ होता: "ताई, रेक्झिन टाका की, फडकं मारलं की झालं." मला ते मान्य नव्हते. रेक्झिन पाणी पीत नाही हे खरे. पण वैशाखात बंद गाडीत ते तापते आणि अंगाला चिकटते, रात्री त्यावर घाम येतो, आणि कुत्र्याच्या नखाने एकदा ओरखडा पडला की तेथून ते सोलत जाते. "मामा, आम्ही या गाडीत झोपतोसुद्धा," असे सांगितल्यावर त्यांनी हातातली टेप खाली ठेवली आणि स्वतः गाडीत येऊन बसले. या दुकानाविषयी माझे मत तेथूनच चांगले झाले.

शेवटी दोन थर ठरले. आत पाणी न झिरपणाऱ्या अस्तराच्या कापडाची खोळ, आणि वर घट्ट विणीच्या जाड सुती कॅनव्हासचा, काढून धुता येईल असा अभ्रा. मखमलीसारखे लव असलेले किंवा सैल विणीचे कापड मी मुद्दाम टाळले, कारण त्यात नखे अडकून धागे निघतात. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. ते आधी भिजवून वाळवून घ्या, असा आग्रह मात्र मला धरावा लागला. मामांनी प्रत्येक गादीचा कागदी फर्मा काढला. ही मेहनत वाया गेली नाही, कारण चाकाच्या कमानीवर येणाऱ्या गादीचा एक कोपरा तिरका कापलेला आहे आणि नुसत्या लांबी-रुंदीच्या मापावर तो कधीच जमला नसता. अभ्रे बंद करण्यासाठी वेल्क्रो नको, चेन हवी, असे मी सांगितले होते. वेल्क्रोच्या आकड्यांत कुत्र्याचे केस भरले की त्याची पकड जाते. चेन मागच्या बाजूला, झाकणीखाली लपवलेली आहे.

आता तक्रारी. दसऱ्याच्या तोंडावर सगळ्यांनाच गाड्या सजवून हव्या असतात, त्यामुळे आठ दिवसांचे काम सोळा दिवसांवर गेले. ते एक वेळ समजण्यासारखे आहे. सीट बेल्टची बकले मात्र पहिल्या फिटिंगमध्ये कापडाखाली गेली होती, आणि मुले प्रवासात तेथेच बसत असल्याने ही चूक लहान नव्हती. काज करून बकले बाहेर काढून दिल्यावरच मी अभ्रे ताब्यात घेतले.

त्याहून मोठा दोष घरी आल्यावर कळला. धाकट्याने पेलाभर दूध सांडले आणि अस्तर असूनही फोम ओला झाला. खोळीची शिवण गादीच्या वरच्या कडेवर, नेमकी पायपिंगलगत, म्हणजे कडेने शिवलेल्या गोल गोटालगत, आली होती, आणि सुईच्या प्रत्येक भोकातून दूध आत उतरले होते. अस्तराचे कापड कितीही चांगले असले तरी शिवण बसण्याच्या पृष्ठभागावर असेल, तर ती चाळणीच होते. मामांनी वाद न घालता खोळी उसवल्या आणि वरच्या बाजूला एकही टाका येणार नाही अशा रीतीने कापड डब्याच्या झाकणासारखे चारही बाजूंनी चार इंच खाली दुमडून, शिवण बाजूंना घेतली. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. त्यानंतर मी स्वतः तांब्याभर पाणी ओतून पाहिले. फोम कोरडा राहिला.

सहा महिन्यांच्या वापरात अभ्रे पाच वेळा धुतले. दुधाचा डाग आधी थंड पाण्यानेच काढावा, गरम पाण्याने तो कापडात बसतो. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लालभडक झाल्याने मी घाबरले होते. पण कापड धुऊन उन्हात टाकल्यावर दोन दिवसांत तो विरला. खंड्याचे केस ओल्या रबरी हातमोज्याने एका दिशेने ओढले की गोळा होऊन येतात. त्याने एकदा गादीवरच कार्यभाग उरकला, तेव्हा खोळ पुसून, वर खाण्याचा सोडा पसरून वास गेला. अशा वेळी ब्लीच मात्र वापरू नये. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, आणि बंद गाडीत तो अधिकच घातक.

एक उणीव अजून तशीच आहे. वाहनातील आतील कापड किती वेगाने जळते याच्या चाचणीसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार तपासलेले कापड या दुकानात मिळाले नाही. कॅनव्हास सुती असल्याने आम्ही शेगडीलगतच्या बाकड्याची पाठ उघडीच ठेवली आहे. असे कापड मिळवून देणारे दुकान असते, तर मी चार पैसे जास्त मोजले असते.

सहा गाद्यांचे दोन्ही थर मिळून कापड आणि शिलाईचे १४,५०० रुपये झाले. स्वस्त नव्हे, पण सगळा फोम बदलण्यापेक्षा कमी. सध्या खंड्याच्या ठरलेल्या जागेसाठी जादा जोड शिवायला टाकला आहे. या वेळी माप देण्यापूर्वी त्यालाच गादीवर आडवा होऊ दिला आणि मामांनी त्याच्याभोवती खडूने रेघ मारून घेतली.