विवेकाचा आवाज की मनगटातला जोर?

जगात भारताने कसं वागावं? एक मत भारत-चीन करारातल्या पंचशील तत्त्वांचं (१९५४) आणि आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेचं (१९५५): कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही. कोरियन युद्धात आपण लढाऊ पलटण न पाठवता वैद्यकीय पथक पाठवलं, याचा मला आजही अभिमान आहे.

दुसरं मत १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाने बळावलं: आधी ताकद, मग शब्दाला वजन. तेव्हा संरक्षण खातं कराडच्या यशवंतराव चव्हाणांकडे आलं.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पिढ्यानपिढ्या फौजी. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान कामी आले, तेही इंग्रजांच्या साम्राज्यासाठी! त्यामुळे नुसत्या दराऱ्याची भाषा मला पटत नाही. फौज सज्ज हवीच, पण ती कुठे धाडायची हे ठरवताना मी पहिल्याच मताच्या बाजूने.