एम्बेडेबल पायथॉनमध्ये इम्पोर्ट अडलंय: पाथ फाइल, स्क्रिप्टमधला पाथ की पूर्ण इन्स्टॉलेशन?

तोच कोड नेहमीच्या पायथॉनवर चालतो, पण विंडोजच्या एम्बेडेबल झिपमधून (इन्स्टॉल न करता, नुसता उलगडून वापरायचा छोटा पायथॉन) चालवला की शेजारचीच हेल्पर फाइल सापडत नाही आणि ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ येते. मूळ कारण ‘पायथॉन३१२._पीटीएच’सारख्या नावाची छोटी फाइल, म्हणजेच पाथ फाइल. ती असली की पायथॉन आयसोलेटेड मोडमध्ये चालतो: ‘पायथॉनपाथ’ व्हेरिएबल आणि रजिस्ट्री दोन्हींकडे दुर्लक्ष होतं, स्क्रिप्टचं फोल्डरही ‘सिस.पाथ’मध्ये (पायथॉन मॉड्यूल जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) आपोआप येत नाही. म्हणून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलत बसण्यात वेळ घालवू नका. आधी स्क्रिप्टमधून ‘सिस.पाथ’ प्रिंट करून पाहा, निम्मं कोडं तिथेच सुटतं.

आता पर्याय. पाथ फाइल बदलणं मला सर्वांत स्वच्छ वाटतं. एका ओळीत एक फोल्डर लिहायचं, पाथ त्या फाइलच्या जागेपासून मोजला जातो, त्यामुळे सगळं फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेलं तरी चालतं. पिपने (पायथॉनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं साधन) पॅकेजेस हवी असतील तर त्याच फाइलमधल्या ‘इम्पोर्ट साइट’च्या ओळीपुढचं हॅश चिन्ह काढा, मग ‘गेट-पिप’ स्क्रिप्ट चालवा. पिप या झिपमध्ये येतच नाही, आणि हॅश तसाच राहिला तर पिप इन्स्टॉल होऊनही सापडत नाही.

याउलट स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सिस.पाथ.इन्सर्ट’ लिहिणं झटपट होतं, पायथॉनच्या फोल्डरला हात लावायची परवानगी नसेल तेव्हा तोच मार्ग उरतो. फक्त ती ओळ बाकीच्या इम्पोर्टच्या आधी हवी, आणि फोल्डर ‘डंडर फाइल’वरून (‘__file__’, म्हणजे त्या स्क्रिप्टचा स्वतःचा पाथ) काढा, चालू डिरेक्टरीवरून नको. पण दहा स्क्रिप्ट असतील तर दहा ठिकाणी तेच लिहावं लागतं, आणि एखादी राहूनच जाते.

पूर्ण इन्स्टॉलेशन आणि व्हेन्व्ह (प्रत्येक प्रोजेक्टसाठी पॅकेजेसची वेगळी जागा) घ्या, जर काम तुमच्याच मशीनवर असेल. टीकेइंटर (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) हवं असेल तर मात्र हाच रस्ता सोपा, कारण ते झिपमध्ये नाही आणि पाथ बदलून येणारही नाही.

ग्राहकाला तयार फोल्डर द्यायचं असेल तर मी पाथ फाइलच निवडेन. पॅकेजेस दुसऱ्या पायथॉनवरून ‘पिप इन्स्टॉल’च्या ‘टार्गेट’ पर्यायाने आणलीत, तर आवृत्ती आणि ३२/६४ बिट दोन्ही जुळवा. नम्पायसारख्या कंपाइल केलेल्या पॅकेजात तफावत राहिली तर पाथ बरोबर असूनही इम्पोर्ट फसतो.