फ्यूज एम्युलेटर आणि बाबांच्या अकरा कॅसेट: आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मी गेम खेळायला म्हणून हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची आजच्या कॉम्प्युटरवर नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकला नव्हता. आमची नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं करताना माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात अकरा कॅसेट. सगळ्यांवर बाबांच्या अक्षरात लेबलं, "मेंटेनन्स ८९-९०", "गणित चौथी", "बीप", एकावर नुसतंच "नवीन". आमच्याकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाचा कॉम्प्युटर होता, म्हणजे ब्रिटनमधल्या सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, जो इथे डेसिबेल्स कंपनी लायसन्स घेऊन बनवायची. त्याचे प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साध्या कॅसेटवर सेव्ह व्हायचे. ते मशीन केव्हाच गेलं, भंगारवाल्याला दिलं की कुणाला दिलं तेही घरात कुणाला आठवत नाही. पण बाबा सोसायटीचे सेक्रेटरी असताना चोवीस फ्लॅटचा हिशोब त्यांनी स्वतः बेसिक ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर ठेवलेला, हे घरात कायम ऐकत आलो होतो. तो प्रोग्रॅम परत चालताना बघायचा होता, बस.

दोन-तीन एम्युलेटर टाकून बघितले आणि फ्यूजवर थांबलो. पूर्ण नाव फ्री युनिक्स स्पेक्ट्रम एम्युलेटर, पण विंडोजवर आणि मॅकवरही चालतो, फुकट आहे, आणि कितीही जुना पीसी असू दे, त्याला काही फरक पडत नाही. मूळ मशीनचा झेड८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा, मेमरी ४८ के, स्क्रीन २५६ बाय १९२, एवढं तर आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरला किरकोळ आहे. रॉमची, म्हणजे मूळ मशीनमध्ये कायमच्या भरलेल्या सॉफ्टवेअरचीही भानगड नाही. १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा विकत घेतला आणि पुढे त्यांनीच एम्युलेटरबरोबर रॉम द्यायला परवानगी दिली, त्यामुळे टाकला की थेट खाली "१९८२ सिंक्लेअर रिसर्च" अशी ओळ येते आणि मशीन तयार. ती ओळ बघून मी काही वेळ काही टाइपच केलं नाही.

खरी मेहनत एम्युलेटरमध्ये नाहीये, ती कॅसेटमध्ये आहे. ज्यांच्याकडे स्वतःच्या जुन्या कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो कारण माझे पहिले दोन महिने ह्यातच गेले.

ठाण्याचा पावसाळा आणि बंद माळा, त्यामुळे चार कॅसेटच्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली. ती तशीच प्लेअरमध्ये घालू नका, हेड घाण होतंच पण बुरशी दुसऱ्या कॅसेटवरही जाते. मी स्क्रूवाली कवचं उघडून, पेन्सिल घालून हळूहळू टेप फिरवत कोरड्या मऊ कापडातून काढली, एकेका कॅसेटला एक संध्याकाळ. घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झालेला, तो जांभळी नाक्याजवळच्या एका रिपेअरवाल्या काकांनी बदलून दिला, आणि त्यांनीच ती महत्त्वाची गोष्ट दाखवली, हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू. हेड टेपला अगदी काटकोनात हवं, एक केसभर तिरकं झालं तरी आवाज बद्द येतो, गाण्यात ते चालून जातं पण प्रोग्रॅममध्ये नाही. कॅसेट चालू ठेवायची, छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं, जिथे ती किरकिर सगळ्यात तीक्ष्ण, कानात घुसेल अशी येते तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला जागा वेगळी निघाली. "बीप"वाली कॅसेट बाबांनी बहुतेक ऑफिसमधल्या कुणाच्या तरी रेकॉर्डरवर केलेली, तिला तर जवळजवळ पाव फेरा लागला.

मग लॅपटॉपमध्ये आवाज घ्यायचा. माझ्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइकचं एकच भोक आहे, त्यात साधी केबल घातली की तो तिला हेडफोनच समजतो, शेवटी पाचशेच्या आत एक यूएसबी साउंड कार्ड घेतलं. तरीही लोड होईना. आठ दिवस मी कॅसेटलाच दोष देत होतो आणि दोष होता विंडोजच्या माइक सेटिंगमध्ये, तिथे नॉइज कमी करायचं ऑप्शन चालू असतं आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीची ती लांबलचक एकसुरी शिट्टी त्याला नॉइजच वाटते, तो ती खाऊन टाकतो. एन्हान्समेंट सगळी बंद करा, मोनो, ४४१०० हर्ट्झ, आवाज एवढाच की लाटेची टोकं कापली जाणार नाहीत. ऑडॅसिटी ह्या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅममध्ये झूम करून बघितलं की समजतं सुद्धा, प्रोग्रॅममधल्या शून्याची लाट आखूड आणि एकची बरोब्बर दुप्पट लांब, एकामागे एक. म्हणजे बाबांनी टाइप केलेलं अक्षर न् अक्षर तिथे डोळ्यांना दिसतंय.

ती वेव्ह फाइल फ्यूजमध्ये टेप म्हणून सरळ उघडता येते. फ्यूजच्या सोबत मिळणाऱ्या टूल्समध्ये ऑडिओ-टू-टेप नावाचं एक आहे, त्याने तीच गोष्ट छोट्या टेप फाइलमध्ये बदलून घेतली की पुढे कधीच कॅसेटला हात लावायची गरज नाही. अजून एक लिस्ट-बेसिक म्हणून आहे, ते टेप फाइलमधून बेसिकच्या ओळी साध्या टेक्स्टमध्ये काढून देतं, मी सगळ्या प्रोग्रॅमच्या प्रिंट काढून बाबांना दिल्या, ते अजून पेन घेऊन त्यात खुणा करत असतात.

आता मेंटेनन्सवाल्या कॅसेटचं सांगतो. जलद लोडिंगची सोय आहे फ्यूजमध्ये, पण त्या दिवशी मी ती मुद्दाम बंद केली. आधी बॉर्डरला, म्हणजे स्क्रीनच्या कडेला, लाल आणि फिकट निळे पट्टे, मग निळे-पिवळे पट्टे सळसळत सुटले, आणि साधारण दोन मिनिटांनी शून्य ओके, म्हणजे लोड झालं. मी उत्साहाने रन केलं. फ्लॅट नंबर विचारला, ७ टाकला, तर खाली "२ व्हेरिएबल नॉट फाउंड, ३०:१", म्हणजे ३० नंबरच्या ओळीला हवा तो आकडा सापडत नाही. परत केलं, परत तेच. मागे बाबा चहा घेत बसले होते, वय वर्षं ८१, ते न उठताच म्हणाले, "रन केलंस ना? कव्हरवर लिहिलंय बघ." कॅसेटच्या आतल्या कागदावर खरंच निळ्या शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं, "रन करू नये. गो टू १०."

स्पेक्ट्रममध्ये प्रोग्रॅम सेव्ह करताना त्यातले आकडेही, म्हणजे व्हेरिएबल्ससुद्धा, सोबत टेपवर जातात. पण रन म्हटलं की ती सगळी पुसली जाऊन प्रोग्रॅम कोरा सुरू होतो. बाबांचा सगळा हिशोब त्या व्हेरिएबल्समध्येच होता, दर महिन्याला गो टू १० करायचं, म्हणजे काही न पुसता १० नंबरच्या ओळीपासून सुरू करायचं, पैसे भरून घ्यायचे, आणि परत सेव्ह. मी टेप परत लोड केली, जी दाबलं, १०, एंटर, आणि चोवीस नावं आली. नावाला बाबांनी दहाच अक्षरं ठेवलेली आणि ह्या मशीनमध्ये अ‍ॅरेतल्या प्रत्येक नावाची लांबी ठरलेली असते, त्यामुळे धर्माधिकारींचं रोमन अक्षरांत "धर्माधिक" एवढंच उमटलं, बाकी ८५ रुपये. बाबा उठून जवळ आले, म्हणाले, "हे दोन महिने मागे असायचे, पण द्यायचे." मग एकेका फ्लॅटचं सांगत बसले, कोण कुठे गेलं, कुणाची मुलगी आता घोडबंदर रोडला राहते. दीड तास.

मला एम्युलेटरमधलं हेच सगळ्यात जास्त आवडलं की तो काहीही सोपं करून देत नाही. रनने पुसलं जायचं, इथेही पुसलं जातं. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग चालायचे, म्हणून एक रंगीत गोष्ट दुसरीवरून गेली की रंग लागायचा, तोही तसाच लागतो. ज्याला हे नको असेल त्याने ह्या वाटेला जाऊच नये.

फरक एवढाच की तेव्हा व्होल्टेज जरा हललं की सगळं उडायचं आणि आता कधीही स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या मशीनची जशीच्या तशी प्रत, घेता येतो. ४८ के मशीनच्या स्नॅपशॉटची एसएनए फाइल ४९१७९ बाइट्सची, म्हणजे पूर्ण मेमरी आणि वर प्रोसेसरची २७ बाइट्सची नोंद. अख्खा कॉम्प्युटर फोनवरच्या एका फोटोपेक्षा लहान फाइलमध्ये मावतो.

की-बोर्डला सवय लागते. तिथे पूर्ण शब्द टाइप करायचाच नसतो, ओळीच्या सुरुवातीला पी दाबलं की प्रिंट, जे दाबलं की लोड, बी दाबलं की बॉर्डर. हेल्पमध्ये की-बोर्डचं चित्र आहे, मी ते छापून मॉनिटरच्या खाली चिकटवलंय. स्पेक्ट्रमच्या कॅप्स शिफ्टसाठी शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्टसाठी कंट्रोल वापरा, आल्ट नको, कारण ज्यांच्या विंडोजमध्ये मराठी की-बोर्ड टाकलेला आहे त्यांचं आल्ट-शिफ्टने इनपुट बदलतं आणि मग बाहेर येऊन ऑफिसचा मेल लिहायला घेतला की देवनागरी उमटायला लागतं, हे माझं आठवड्यातून तीनदा व्हायचं.

माझ्या मुलीला मात्र, ती पाचवीत आहे, हा की-बोर्ड दोन दिवसांत आला. एका बटणात शब्द येतो म्हणून स्पेलिंग चुकतच नाही. "गणित चौथी" हा प्रोग्रॅम बाबांनी माझ्यासाठी केलेला, पाढे विचारतो, बरोबर आलं की बीप वाजवून रोमनमध्ये शाब्बास लिहितो. तिने तो उघडून एकोणतिसापर्यंतचे पाढे वाढवलेत. इथे एक लक्षात ठेवा, एम्युलेटरमध्ये सेव्ह केलं की ते त्याच्या आतल्या टेपवर जातं, पीसीच्या डिस्कवर नाही. मेन्यूतून ती टेप वेगळी फाइल म्हणून लिहून ठेवावी लागते.

खटकणाऱ्या गोष्टी फार नाहीत. मूळ मशीन सेकंदाला ५० चित्रं काढायचं आणि आपले मॉनिटर बहुतेक ६० हर्ट्झचे, त्यामुळे आडवं सरकणारं काही असलं की किंचित अडखळल्यासारखं दिसतं. मॉनिटरला ५० किंवा १०० हर्ट्झ चालत असेल तर तसं लावा, लगेच सरळ होतं. माझ्या लॅपटॉपला चालत नाही, मी सोडून दिलंय. सेटिंगचे मेन्यू पण दाटीवाटीचे आहेत, नव्या माणसाला टेप ट्रॅप म्हणजे काय हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. तर टेप ट्रॅप चालू असला की साधा प्रोग्रॅम क्षणात लोड होतो, आणि काही विकतच्या गेमचं लोडिंग त्यांनी स्वतःच्या पद्धतीने केलेलं असतं, तिथे तो उपयोगी पडत नाही, टेप चालूच द्यावी लागते.

अकरापैकी दहा कॅसेट आता उतरल्या आहेत, तीन पेन ड्राइव्हवर आणि ऑनलाइनही ठेवल्या. कॅसेट मात्र टाकल्या नाहीत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आहेत. "नवीन" लेबलवाली तेवढी राहिली. दर वेळी एकाच जागी "आर टेप लोडिंग एरर" देते, ऑडॅसिटीत बघितलं तर तिथे टेप चुरगळल्यामुळे लाट अगदी बारीक झालीये, जेमतेम वीस-पंचवीस लाटा. बाबांना त्यात काय होतं ते आठवत नाही, फक्त शेवटचा प्रोग्रॅम होता एवढंच म्हणतात. खोपटला एकांकडे चांगला डेक आहे असं कळलंय, रविवारी कॅसेट घेऊन तिकडे जातोय, बाबाही येणार आहेत.