गेम स्टिक, आठ महिन्यांनंतर: मारिओ तोच, उडी उशिरा

मे महिन्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची, जुने व्हिडिओ गेम भरलेली गेम स्टिक घेतली, दुकानदार बावीसशे बोलला, अठराशेला दिली, बरोबर दोन वायरलेस रिमोट. बॉक्सवर दहा हजार गेम लिहिलंय, पण आपण '९९९९ इन १' अशा व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर वाढलेली माणसं, तेच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा असणार हे घेतानाच माहीत होतं.

पहिल्या रात्री सुपर मारिओ लावला आणि अगदी सुरुवातीला तो मशरूमसारखा चालत येतो ना, त्यालाच आपटून मेलो. तीनदा! १९८५ चा गेम, लालबागला चाळीत असताना हा भाग मी शेजारच्या काकूंशी बोलत बोलत पार करायचो. बायको हसायला लागली, मला वाटलं झालं, वय झालं. मग कळलं घोळ टीव्हीचा आहे. जुना डबा टीव्ही सिग्नल आला की आला तसा दाखवायचा, हे नवीन टीव्ही आधी चित्र घासूनपुसून घेतात आणि मग दाखवतात, तेवढ्यात बटण दाबून झालेलं असतं आणि मारिओ अजून जमिनीवरच. अंगठ्याला मात्र जुनीच वेळ पाठ. टीव्हीच्या सेटिंगमधे गेम मोड चालू केला तसा बराच फरक पडला. स्क्रीनपण जुन्या टीव्हीसारखी ४:३ करून घ्या, नाहीतर मारिओ जाडा दिसतो.

तिसऱ्या महिन्यात एका रिमोटचं उजवीकडचं बटण गेलं. दुकानात गेलो तर "चायना माल है भाई, गॅरंटी कैसी?" नवीन रिमोट साडेतीनशे. स्टिकच्या मेमरी कार्डाची कॉपी आधीच करून ठेवा, माझं एकदा उडालंय.

गणपतीत दादा आला होता, काँट्रा लावला. जादा लाइफ मिळवायचा जुना कोड, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, त्याचं बोट आपोआप फिरलं, तीस लाइफ. पहाटे दोनपर्यंत बसलो. त्यासाठी अठराशे वसूल.

बंदुकीने बदकं मारायचा गेम मात्र विसरा. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, तो बंदुकीतला सेन्सर बघायचा, नवीन टीव्हीवर ती वेळच जुळत नाही, आणि इथे तर बंदूकच नाही. पोराला सांगितलं हा बाद. त्याने बटणं दाबून शोधून काढलं की रिमोटने बदकालाच इकडेतिकडे फिरवता येतं. आता तो रोज बदक वाचवतो आणि गेममधला कुत्रा आम्हाला हसतो.