कॉम्बी बॉयलर: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

घर तापवण्याच्या कामात या बॉयलरला पैकीच्या पैकी गुण. नळाच्या गरम पाण्यात मात्र तो काठावर पास होतो, आणि तेही मी त्याच्या खोड्या समजून घेतल्यावर. भिंतीवर बसणारा, टाकी नसलेला, २४ किलोवॅटचा गॅसवरचा कॉम्बी आहे. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरचं पाणी आणि अंघोळीचं पाणी, दोन्ही यातूनच. पॅनेलवर दोन वेगळी तापमानं लावता येतात, एक रेडिएटरसाठी आणि एक नळासाठी. नळाच्या पाण्याची तक्रार असताना रेडिएटरचं बटण फिरवत बसणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे आधीच सांगितलं.

थंडीतली तक्रार अशी, की शॉवर चालू असताना कुणी स्वयंपाकघरातला गरम नळ सोडला की पाणी कोमट होतं. हा बिघाड नाही, साधं गणित आहे. मिनिटाला येणारे लिटर गुणिले तापमानात हवी असलेली वाढ, भागिले १४. उत्तर ढोबळमानाने किलोवॅटमध्ये येतं. आत येणारं पाणी ८ अंशांचं असेल आणि बाहेर ४३ हवं असेल, तर ३५ अंशांची वाढ झाली. २४ किलोवॅटमध्ये ती मिनिटाला जेमतेम १० लिटरला मिळते. दोन नळ मिळून १४ लिटर ओढायला लागले, की वाढ २४ अंशांवर येते आणि अंघोळ करणारा ओरडतो. पॅनेलवर ६० लावलं तरी फरक शून्य, कारण बर्नर आधीच पूर्ण जोरात असतो. उपाय एकच: बॉयलरखालचा थंड पाण्याचा कॉक थोडा आवळून प्रवाह कमी करायचा. पाणी कमी येतं, पण गरम येतं.

खरा ताप उन्हाळ्यात झाला, आणि तो उलट्या कारणाने. शॉवरखाली पाणी आधी छान, मग अचानक चटका, मग एकदम गार, मग पुन्हा चटका. बर्नर पेटतो, विझतो, पेटतो, हे भिंतीपलीकडून ऐकू येतं. पहिला संशय तापमानाच्या सेन्सरवर जातो. सेन्सर ठीक होता. कुठलाही बर्नर एका मर्यादेखाली मंद होत नाही. मोठी शेगडी कितीही बारीक केली तरी एका टप्प्यानंतर ती विझतेच. माझ्या बॉयलरची किमान क्षमता ६ किलोवॅट आहे. उन्हाळ्यात आत येणारं पाणीच २७ अंशांचं. पाणी वाचवणाऱ्या शॉवरमधून मिनिटाला ५ लिटर, ३८ अंशांचं पाणी घ्यायचं म्हटलं तर लागतात ४ किलोवॅटसुद्धा नाहीत. बॉयलर सहाच्या खाली जाऊ शकत नाही. मग तापमान लावलेल्या आकड्याच्या वर गेलं की तो बर्नर बंद करतो, पाणी गार झालं की पुन्हा पेटवतो. पेटवण्याआधी पंखा काही सेकंद हवा फिरवतो, तेवढ्या वेळात पाइपमध्ये गार पाण्याचा एक पट्टा तयार होतो आणि तो डोक्यावर येतो.

यात माणूस जे सहज करतो त्याने गोष्ट बिघडते. चटका बसला की आपण मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणारा नळ, थंडकडे फिरवतो. गरम बाजूचा प्रवाह आणखी कमी होतो. तो मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास आला की प्रवाहाच्या सेन्सरला वाटतं नळ बंद झाला, आणि बर्नर पुरताच विझतो. पॅनेलवर ५५ ठेवलं असेल तर हे हमखास होतं, कारण इतकं कडक पाणी मिक्सर थोडंच घेतो. मी नळाचं तापमान ४१वर आणलं, मिक्सर पूर्ण गरमकडे ठेवला आणि उन्हाळ्यापुरता जास्त पाणी सोडणारा शॉवर बसवला. पट्टे जवळजवळ गेले. पाणी वाचवणारा शॉवर आणि मोठ्या किमान क्षमतेचा बॉयलर यांचं उन्हाळ्यात जमत नाही, हे विकताना कुणी सांगत नाही. बेसिनला हात धुताना अजूनही तीच गंमत होते. तिथे मी नाद सोडला.

टाकीवाला बॉयलर असणाऱ्यांनी हे ४१चं अनुकरण करू नये. साठवलेलं पाणी २० ते ४५ अंशांत राहिलं तर न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून टाकी ६०वर ठेवून नळाआधी मिश्रण व्हॉल्व्हने पाणी निववतात. तो व्हॉल्व्ह हवाच. ६० अंशांच्या पाण्याने कातडी भाजायला काही सेकंद पुरतात, आणि लहान मुलांची त्याहून लवकर भाजते.

काही महिन्यांनी नवीनच दुखणं सुरू झालं. ऋतू कुठलाही असो, नळ पूर्ण सोडलेला असो, पहिलं मिनिटभर पाणी गरम आणि मग कोमट. सर्व्हिसला आलेल्या माणसाने झाकण उघडण्याआधीच सर्किट बोर्ड बदलायचं निदान केलं. बोर्ड हा सगळ्यात महाग भाग असतो आणि सगळ्यात आधी बदनाम होतो. मी त्याला थांबवलं आणि पॅनेलवर आतल्या पाण्याचं, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या बाजूचं तापमान बघायला लावलं. बहुतेक मॉडेलमध्ये माहितीच्या मेनूत ते दिसतं. नळ सोडल्यावर ते झपाट्याने ८०वर गेलं, बर्नर बारीक झाला, आणि नळाला मात्र ३६. म्हणजे उष्णता तयार होत होती, नळाच्या पाण्यापर्यंत पोहोचत नव्हती. दोघांच्या मध्ये एकच गोष्ट असते: प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे आतल्या गरम पाण्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणारा भाग.

आतलं तापमानही खालीच राहिलं असतं तर संशय गॅसच्या दाबावर किंवा बर्नरवर गेला असता. हीटिंग बंद असून फक्त नळ चालू असताना रेडिएटरकडे जाणारा पाइप हाताला गरम लागला असता, तर आतलं गरम पाणी रेडिएटरकडे किंवा एक्स्चेंजरकडे वळवणारा तीन तोंडी व्हॉल्व्ह अर्धवट अडकला असं समजायचं. तापमानाचा सेन्सर तपासायचा तर मल्टीमीटर लावावा: नेहमीचा १० किलोओमचा सेन्सर २५ अंशांना १० दाखवतो आणि ६०च्या आसपास अडीच. एक परीक्षा फुकटात होते. बॉयलरमध्ये येणारं थंड पाणी कॉकने बंद करायचं आणि गरम नळ सोडायचा. धार थांबलीच नाही, तर कुठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी गरम पाइपात शिरतंय, आणि बॉयलर बिचारा निर्दोष आहे.

एक्स्चेंजर बाहेर काढला तेव्हा तळहाताएवढा निघाला. स्टीलचे पातळ पत्रे एकावर एक. नळाच्या बाजूच्या छिद्रात पांढरट-पिवळा खडा बसला होता. सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण त्यातून फिरवलं, तर आधी फेस, मग गढूळ पाणी, मग वाळूसारखे कण. परत बसवल्यावर आतलं तापमान ६०च्या आसपास थांबलं आणि नळाला ४१ मिळालं. बोर्ड तोच आहे. जड पाण्यातले क्षार पाणी जितकं तापवाल तितके जास्त बसतात, त्यामुळे नळाचं तापमान कमी ठेवण्याचा हाही एक फायदा. रेडिएटरच्या बाजूने येणारा काळा गाळ वेगळा, त्याला चुंबकाचा फिल्टर लागतो. तो मी लगेच बसवून घेतला.

मेनू बघणं, कॉक आवळणं, पाइपला हात लावणं हे आपण करावं. गॅसचा व्हॉल्व्ह आणि बर्नरचं झाकण याला हात लावू नये, ते परवानाधारक माणसाचं काम. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात हवाच.

पाणी लवकर गरम मिळावं म्हणून जो मोड असतो तो मी बंद ठेवला आहे. नळ बंद असतानाही तो अधूनमधून बर्नर पेटवतो, आणि वाचतात ते काही सेकंदच. माझ्या मते ते गॅसच्या लायकीचे नाहीत. कडाक्याच्या थंडीत पहाटे उठणाऱ्यांना कदाचित असतील.

घ्यावा का? थंडी लांब असेल आणि एका वेळी एकच नळ चालणार असेल तर जरूर. उन्हाळा कडक असेल तर २४ किंवा ३०च्या आकड्याला भुलू नका, किमान क्षमता विचारा. ती ३ किलोवॅटच्या आसपास असेल तर मला भोगावे लागलेले पट्टे तुम्हाला क्वचितच दिसतील. विक्रेत्याला हा आकडा सहसा तोंडपाठ नसतो. माहितीपत्रकातल्या तांत्रिक तक्त्यात तो सापडतो, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.